केरव्यात श्वास, दादऱ्यात लाथ: ताल धरून पोहायला शिकताना

विदर्भातल्या गावांत पोहायला शिकवायची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. कमरेला रिकामा डबा नाहीतर ट्यूब बांधायची, काकानं किंवा मोठ्या भावानं विहिरीच्या काठावरून ढकलून द्यायचं, आणि पोट्टं गटांगळ्या खात हातपाय झाडायला लागलं की वरून ओरडायचं, "मार हात, मार! भेतं काहून बे?" या रीतीनं पुष्कळ लोक पोहायला शिकले, हे खरं. पण याच रीतीनं कितीतरी जण पाण्यापासून कायमचे लांब पळाले, आणि ते काही आपली गोष्ट सांगत बसत नाहीत. जे शिकले तेच पारावर बसून सांगतात, म्हणून ती रीत फार गुणाची वाटते. मुलींना तर ढकलायलाही कुणी नेलं नाही.

दुसऱ्या एका पद्धतीत कुणी कुणाला ढकलत नाही. कमरेएवढ्या पाण्यात गोल करून उभं राहायचं, एकानं ठेका धरायचा, त्या ठेक्यावर चालायचं, वाकायचं, पाण्यात तोंड घालून गुणगुणायचं, पाय मारायचे. प्रत्यक्ष पोहणं सगळ्यात शेवटी येतं. शहरांतल्या जलतरण तलावांवर लहान मुलांच्या आणि वयस्कांच्या वर्गात असं गाणी लावून शिकवतात. गावात हे सांगितलं की लोक हसतात, "पाण्यात भजन करता का आता?" तर हो, जवळपास तसंच. मात्र यात करमणुकीचा भाग थोडा आहे. गाणं इथं श्वास मोजायला आहे, आणि व्यायाम आहे तो पाण्याचा हिशेब अंगात मुरावा म्हणून.

तो हिशेब आधी पाहू. माणसाचं शरीर पाण्याच्या मानानं अगदी काठावरचं आहे. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेक जण तरंगतात. सगळा श्वास सोडला तर बरेच जण हळूहळू खाली जातात. मोठ्या माणसाच्या भरलेल्या आणि रिकाम्या छातीत साधारण ३ ते ५ लिटर हवेचा फरक असतो. गोड्या पाण्यात एक लिटर हवेनं एक किलोची उचल मिळते. म्हणजे तरंगायचं की बुडायचं, हे या तीन-पाच किलोंवर ठरतं. आता डोक्याचं वजन बघा, तेही साडेचार-पाच किलोंच्या घरात. डोकं पाण्यात आहे तोवर त्याचा भार पाणी वाहतं. घाबरलेला माणूस डोकं उंच काढतो, तो सगळा भार अंगावर घेतो, आणि तेवढाच खाली जातो. मग आणखी घाबरतो, आणखी डोकं काढतो.

दुसरी भानगड पायांची. छातीत हवा आहे म्हणून छाती वर राहते. कंबर आणि मांड्या भरीव, त्या खाली ओढतात. बैलगाडीत माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि पुढचा भाग वर उचलला जातो, पाण्यात नवख्याचं नेमकं तेच होतं: पाय खाली, तोंड वर, अंग उभं. गाडीवान अशा वेळी पोती पुढं सरकवतो. पोहणाऱ्यानं तोंड पाण्यात घालायचं आणि दोन्ही हात डोक्यापुढं लांब करायचे, पाय आपोआप वर येतात. हे वाचायला सोपं आहे. पण तोंड पाण्यात घालायचं म्हटलं की सगळं शरीर 'नाही' म्हणतं, आणि शिकवणाऱ्याचं खरं काम तिथून सुरू होतं.

उभं असतानाही पाणी वजन बदलतं. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर निम्माच भार उरतो, छातीएवढ्या पाण्यात जवळपास तिसरा हिस्सा, गळ्याएवढ्या पाण्यात दहावा. ५० किलोची बाई गळाभर पाण्यात उभी राहिली तर तिच्या तळव्यांवर जेमतेम ५ किलो. पाय जमिनीवर टेकलेत की नाही हेच कळेनासं होतं, आणि नवख्याला भेव वाटतं ते याचंच. शिवाय पाण्याचा दाब छातीवर येतो, श्वास घ्यायला जास्त जोर लागतो. त्याच दाबानं पायांतलं आणि पोटातलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं आत पाणी जास्त झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पाण्यात उतरलं की थोड्या वेळात लघवीला लागते ती यामुळं, फक्त थंडीमुळं नाही. शिकवणाऱ्यानं हे आधीच सांगून टाकावं. छाती दाबल्यासारखी वाटणं हे बुडण्याचं लक्षण नाही, एवढं कळलं तरी निम्मी धास्ती जाते.

श्वासाचा ठेका

नवखा माणूस पाण्यात दमतो तो हातापायांनी कमी आणि श्वासानं जास्त. श्वास रोखून धरल्यावर गुदमरल्यासारखं होतं, ते ऑक्सिजन संपल्यामुळं होतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्याचं प्रमाण वाढलं की मेंदू 'श्वास घे' म्हणून धोशा लावतो. नवखा तोंड पाण्यात घालताना श्वास रोखतो. वर आला की आधी साठलेला श्वास सोडतो, मग नवा घ्यायला जातो. एवढ्याशा क्षणात दोन्ही कामं बसत नाहीत, त्यामुळं श्वास अर्धाच सुटतो आणि अर्धाच घेतला जातो. चार-पाच वेळा असं झालं की छाती भरलेली असूनही जीव घाबरा होतो. यावर उपाय एकच: श्वास पाण्यातच सोडून द्यायचा, वर येऊन फक्त घ्यायचा.

इथं गाणं कामाला येतं. गाणं म्हणजे मुळात लांबवलेला उच्छ्वास. भजनी मंडळातला माणूस ओळ संपता संपता झटकन श्वास घेतो आणि पुढची अख्खी ओळ सावकाश सोडत जातो. पोहणाऱ्याला हेच करायचं असतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं गुरुकुंज मोझरीपासून पार चंद्रपूरकडच्या गावांपर्यंत म्हटली जातात, म्हणजे हा सराव आपल्याकडं आहेच, फक्त कोरड्यात. सावकाश श्वास सोडताना हृदयाची गतीही थोडी उतरते. गाणारा माणूस शांत दिसतो, त्यामागं भक्तीबरोबर हेही एक कारण असावं.

पाण्यात तोंड घालून शब्द म्हणता येत नाहीत, पण गुणगुणता येतं. ओठ मिटून 'ऊंऽऽऽ' केलं की हवा नाकातून बाहेर पडते, आणि ज्या नाकातून हवा बाहेर येते आहे त्यात पाणी शिरत नाही. नाकात पाणी जाऊन मस्तकात झिणझिण्या येणं हे नवख्याच्या भीतीचं मोठं कारण. ते एका 'ऊं'नं मिटतं. नाक चिमटीत धरून बुडी मारायला शिकवू नये असं माझं मत यासाठीच आहे, कारण मग एक हात कायमचा नाकाला अडकतो.

केरवा हा ताल ८ मात्रांचा, म्हणजे ८ ठोक्यांचा: धा गे ना ती, न क धी न. त्याचे चार-चारचे दोन तुकडे करायचे. तुकड्याच्या पहिल्या मात्रेला तोंड वर, तोंडानं श्वास. पुढच्या तीन मात्रा तोंड पाण्यात आणि 'ऊं'. शेवटच्या मात्रेला उरलेली हवा तोंडानं फुंकून टाकायची, म्हणजे वर आल्यावर घेण्याशिवाय काम उरत नाही. मात्रा सेकंदाला एक धरली तर मिनिटाला १५ श्वास होतात, एरवी बसल्याजागी आपण घेतो तेवढेच. लय याहून वाढवायची नाही. लेकरं वाढवतात, लक्ष ठेवावं लागतं.

चौथीतली एखादी पोरगी पहिल्या दिवशी काय करते ते जवळून बघा. खांदे कानांपर्यंत चढलेले, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. 'ऊं' ती मोठ्यानं सुरू करते, पण हनुवटी ओली झाली की आवाज चढतो, आणि खालच्या ओठाला पाणी लागताक्षणी तुटतो. तिला पुढं रेटायचं नाही. आवाज जिथं तुटला तिथंच आज थांबायचं. दहा वेळा हनुवटीपर्यंत, मग ओठांपर्यंत, मग नाकाच्या शेंड्यापर्यंत. कधीतरी 'ऊं' न तुटता पाण्याखाली जातो, बुडबुडे गालांवरून कानांकडं चढतात, गुदगुल्या होतात, आणि ती खोकत-हसत वर येते. खांदे तेव्हा खाली उतरलेले असतात. भीती कितपत आहे हे विचारून कळत नाही, पोरं "नाही लागत भेव" म्हणून मोकळी होतात. आवाजावरून मात्र लगेच कळतं. शिकवणाऱ्याला संगीताचा एवढा एकच फायदा झाला असता तरी पुरे होता.

काठावरचा स्पीकर पाण्यात पोचत नाही

गाणी लावायची म्हटलं की पहिला विचार मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकरचा येतो. त्यात एक अडचण भौतिकशास्त्राची आहे. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळतो तेव्हा त्याची जवळपास सगळी ऊर्जा परत फिरते, हजारातला एखादा हिस्सा आत जातो. म्हणजे तोंड पाण्यात घातलं की गाणं गेलं, आणि ताल नेमका तेव्हाच लागतो. पाण्यातच आवाज केला तर मात्र तो फार छान चालतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १४८० मीटर. कलात्मक जलतरणात, म्हणजे १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या तालावरच्या सामूहिक पोहण्यात, पाण्याखाली बसवलेले स्पीकर वापरतात ते यामुळं. सरावात त्यांचे प्रशिक्षक शिडीच्या लोखंडी दांड्यावर ठोकूनही मात्रा देतात.

गावात हे काम स्टीलची परात करते. परात उभी धरून निम्मी पाण्यात बुडवायची आणि सराट्याच्या, म्हणजे उलथन्याच्या, दांड्यानं पाण्याखालच्या भागावर ठोका द्यायचा. वर उभ्या असलेल्याला नुसता 'थक' असा बोदा आवाज येतो. पाण्यात कान असलेल्याला तो लख्ख 'टण' ऐकू येतो, आणि कुठून आला ते कळत नाही, डोक्याच्या आतच वाजल्यासारखा वाटतो. कारण आवाज कोणत्या बाजूनं आला हे आपण दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो. पाण्यात तो फरक फारच कमी होतो, शिवाय आवाज कवटीतूनही आत येतो. पोरांना याची भारी गंमत वाटते आणि ती 'टण' ऐकायला म्हणून आपण होऊन कान पाण्यात घालतात. खंजिरी किंवा डफ काठावरच ठेवावा. कातडं ओलं झालं की सैल पडतं, आवाज खाली येतो, आणि वाजवणाऱ्याची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

स्पीकर नको म्हणण्याचं दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. बुडणारं माणूस ओरडत नाही. श्वासच मिळत नसतो, ओरडणार कशानं? हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतं, तोंड वर-खाली होतं, आणि २० ते ६० सेकंदांत खाली जातं. खोकल्याचा, गिळण्याचा, ठेका चुकल्याचा बारीक आवाज शिकवणाऱ्याला ऐकू यायला हवा. डीजेच्या दणदणाटात तो येणार नाही.

लेझीमची लय पाण्यात चालत नाही

शाळेत लेझीम खेळलेल्यांना वाटतं, तेच हात पाण्यात करू. पहिल्याच मिनिटाला दम लागतो. पाणी हवेच्या जवळपास ८०० पट दाट. त्यात वेग दुप्पट केला की अडवणूक दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून जमिनीवरच्या निम्म्या लयीवर यायचं. पाण्यातल्या व्यायामात मुख्य गोष्ट हीच, आणि तालाचं खरं काम हेच: तो माणसाला घाई करू देत नाही. घाबरलेल्याची स्वतःची लय फार जलद असते, बाहेरचा ठोका तिला लगाम घालतो. डोलणारं, पाऊल टाकणारं शरीर ठोक्याशी जुळवून घेतंच, ते शिकवावं लागत नाही.

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिओर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यांच्या नात्यावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. अशा अभ्यासांतून वारंवार दिसलेली एक गोष्ट इथं लागू पडते. हलक्या आणि मध्यम मेहनतीत संगीतामुळं थकवा कमी जाणवतो; मेहनत अगदी टोकाला गेली की शरीराचाच आरडाओरडा इतका वाढतो की संगीताचा उपयोग घटतो. म्हणून वर्गात दम लागेपर्यंत पोचायचंच नाही. घाबरून कावलेल्या माणसापुढं कितीही गोड ठेका धरा, त्याला तो ऐकूच येत नाही.

सुरुवातीला भुलाबाईची गाणी उत्तम. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली ती म्हणतात, त्यांची चाल संथ, सगळ्यांना पाठ, आणि एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं अशी बांधणी. कमरेएवढ्या पाण्यात हात धरून गोल फिरायचं. तीन-चार फेऱ्यांत पाणीही त्यांच्याबरोबर गोल फिरायला लागतं. मग अचानक उलटं फिरायला सांगायचं. सगळ्या एकदम अडखळतात, पाणी मांड्यांना ढकलतं, कुणाचा तोल जातो, शेजारणीचा हात घट्ट होतो. वाहत्या पाण्याचा जोर काय असतो हे इतकं निर्धोकपणे दुसऱ्या कशानं कळत नाही. त्यानंतर तळहाताचा खेळ: हात पाण्यात सपाट मागं लोटायचा, मग आडवा करून कापत पुढं आणायचा. सपाट हाताला पाणी धरता येतं, आडव्या हाताला वाट देतं. पोहण्यातलं सगळं हातकाम याच फरकावर चालतं.

तरंगायला शिकवण्याआधी तरंगण्यातून उभं राहायला शिकवावं. हे बहुतेक जण उलटं करतात. नवख्याला आडवं पडायची भीती नसते, परत उठता येईल का याची असते. तीन मात्रांत ते बसतं: गुडघे पोटाशी, हात खाली दाबून डोकं वर, पाय तळाला. "गुडघे, दाब, पाय" असं म्हणत वीस-पंचवीस वेळा केलं की पोरगं स्वतःच "आता सोडा मले" म्हणतं. तेव्हाच सोडायचं.

मग लाथ. इथं दादरा हा ताल इतका चपखल बसतो की मुद्दाम बेतल्यासारखं वाटतं. पालथं पडून दोन्ही हातांनी आळीपाळीनं पोहण्याच्या प्रकारात, ज्याला सगळे फ्रीस्टाइल म्हणतात, हातांच्या एका पूर्ण फेरीत ६ लाथा मारण्याची चाल प्रचलित आहे: उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला तीन. दादराही ६ मात्रांचाच, धा धी ना, धा ती ना. पहिल्या 'धा'ला उजवा हात पाण्यात, दुसऱ्या 'धा'ला डावा, आणि पाय प्रत्येक मात्रेला. लांब पल्ल्याला पोहणारे पुष्कळदा फेरीला दोनच लाथा मारतात, तो भाग पुढचा. नवख्यानं आधी काठ धरून नुसते पाय दादऱ्यात मारावेत. लाथ कमरेपासून निघावी, घोटे सैल सोडावेत. गुडघ्यातून पाय दुमडून मारला तर फेस खूप होतो आणि माणूस जागचा हलत नाही, कधीकधी चक्क मागं येतो.

पण पहिला पोहण्याचा प्रकार म्हणून मी फ्रीस्टाइल सांगणार नाही. उताणं पोहणं आधी यावं. तोंड सतत हवेत, त्यामुळं श्वासाची वेळ साधायची कटकट नाही, आणि दमलं की तसंच पडून राहता येतं. हात अंगालगत वर सरकवत काखेपर्यंत आणायचे, बाजूला पसरायचे, एकदम मांड्यांकडं ओढायचे आणि मग काहीही न करता सरकत राहायचं. याला बोल: "काख, पंख, मांडी, सरऽऽऽक". 'सरक' केरव्याच्या उरलेल्या पाच मात्रा खातो, आणि तो खाऊ द्यायचा. पोरांना सरकण्याचा कंटाळा येतो, ती लगेच पुढचा हात मारतात. 'सरक' लांबवून म्हणायला लावलं की हात आपोआप थांबतो.

ज्याला ऐकू येत नाही किंवा ताल धरता येत नाही, त्याच्या खांद्यावर थापटून मात्रा द्यावी. काम तेच होतं.

कुठं शिकवायचं, कशानं धरून ठेवायचं

विहिरीत नाही, शेततळ्यात तर मुळीच नाही. विहिरीला उथळ भागच नसतो. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आल्यापासून विदर्भात शेततळी वाढली. त्यांचं मोठं माप ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. पाणी झिरपू नये म्हणून आत पन्नी अंथरतात. ओल्या, शेवाळलेल्या पन्नीच्या उतारावर पोहता येणाऱ्यालाही चढता येत नाही, पाय सरकत राहतात. पाणी प्यायला, मोटार बघायला, चप्पल काढायला म्हणून वाकलेली माणसं त्यात गेली आहेत, आणि एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा असंही झालं आहे. ज्याचं पन्नीचं शेततळं आहे त्यानं चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवावा, आणि एक ट्यूब. पोहायला येणं ही नंतरची गोष्ट.

शिकायला बरी जागा म्हणजे नाल्यावरच्या सिमेंट बंधाऱ्याचं थांबलेलं पाणी, किंवा पूर्वेकडं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलावाचा उथळ, कठीण तळाचा कोपरा. उतरायच्या आधी मोठ्या माणसानं काठीनं सगळा तळ चाचपून घ्यायचा. गाळ, शिंगाड्याच्या वेली, काच, जाळी, रेती काढलेला खड्डा यांपैकी काही सापडलं तर जागा बदलायची. सगळ्यात बुटक्या लेकराच्या छातीएवढं पाणी ही हद्द. तिथं बांबू रोवून दोरी ताणायची. एका शिकवणाऱ्यामागं चार-पाच जणच, आणि एक माणूस फक्त काठावरून मोजत राहणारा. भंडारा-गोंदियाकडं मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातली जाणती माणसं तलावाचा तळ हातासारखा ओळखतात. काठावर तसं कुणी असलं तर फार बरं.

असलं शिक्षण तळ्यात होऊ शकतं याचा भक्कम दाखला बांगलादेशात आहे. तिथं स्विमसेफ नावाच्या उपक्रमात गावतळ्यांत बांबूचे कठडे बांधून हजारो मुलांना शिकवलं गेलं. कसोटी साधी: २५ मीटर पोहून जाणं आणि ३० सेकंद पाण्यावर राहणं. 'पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात, शिकलेल्या मुलांमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा ९० टक्क्यांहून अधिक कमी आढळलं. तिथला भर गाण्यावर नव्हता, बांबूवर आणि शिस्तीवर होता. आपणही बांबू आधी रोवावा, परात नंतर वाजवावी.

आता डब्याचं. मोठ्या माणसाचं तोंड पाण्यावर राहायला ३ ते ५ किलोची जादा उचल पुरते. तेलाचा ५ लिटरचा रिकामा प्लास्टिक डबा, झाकण घट्ट लावलेला, एवढी उचल देतो. तो कमरेला मागून बांधला तर कंबर वर येते आणि हात थकले की माणूस पालथा होऊ शकतो; विहिरीतल्या जुन्या रीतीत ही खोट होतीच. डबा छातीशी कवटाळायचा, उताणं पडून. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतलेला असला तरी घ्यायचा नाही, २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली त्यानंतर हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. आणि कुणी बुडताना दिसलं तर उडी न मारता हाच डबा, दोर, कासरा, ओढणी, जे हाताशी असेल ते फेकायचं.

कपड्यांवरून बायकांचं शिकणं अडतं. पोहण्याचा पोशाख गावात कुणी घालणार नाही, आणि घालायची गरजही नाही. धुणं धुताना, गुरं पाजताना पाय सरकला तर अंगावर पंजाबी ड्रेस नाहीतर लुगडंच असणार. भिजलेलं कापड पाण्यात असेपर्यंत खाली ओढत नाही, त्याचं वजन बाहेर निघताना कळतं. पाण्यात ते फक्त हालचाल अडवतं. म्हणून शिकावं त्याच कपड्यांत, ओढणी कमरेला घट्ट खोचून. वेळ मात्र वेगळी हवी, आणि बंधाऱ्यावर त्या वेळेला पुरुषांनी फिरकू नये एवढं ग्रामपंचायतीला जमायला हरकत नाही.

एक खेळ पूर्ण बंद ठेवावा: कोण जास्त वेळ बुडी मारतो. पोरं आधी भराभर श्वास घेऊन मग बुडी मारतात. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खाली जातो, म्हणजे 'श्वास घे' म्हणून ओरडणारा राखणदारच झोपवला जातो. मग गुदमरल्याची जाणीव न होताच शुद्ध हरपते. चांगलं पोहणाऱ्याचाही यात घात होतो.

वर्गाला दिवाळीची सुटी सगळ्यात सोयीची. पाणी निवळलेलं, ओढ थांबलेली, ऊन सोसवेल एवढं. पौष-माघात पाणी गार पडतं, ओठ निळे व्हायला लागले की बाहेर. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली ऊब काढून घेतं. उन्हाळ्यात पश्चिमेकडचे बंधारे आटतात, म्हणून फाल्गुनाच्या आधी उरकलेलं बरं. उताणं पडून निवांत सरकता यायला लागलं की परात वाजवणं कमी करत न्यायचं: आधी एक आवर्तन सोडून एक, मग फक्त सुरुवातीला, मग अजिबात नाही. ताल काढून घेतल्यावर ज्याचा श्वास तुटला त्याला आणखी काही दिवस परात द्यायची. रोजच्या कपड्यांत, ठेक्याशिवाय, ३० सेकंद तरंगणं आणि २५ मीटर जाणं झालं की वर्ग संपला. पावसाळ्यात नाल्याला पूर असताना पाण्यात उतरणं नाहीच. तेवढे महिने घरी घमेल्यात पाणी घेऊन, केरव्याच्या मात्रा मोजत, तोंड घालून 'ऊं' करायला लावावं. आया थोडं रागावतात, कारण अंगणभर पाणी होतं.